टाकाऊपणाचा दाखला

सौंसरच्या हरित दांपत्य समितीने जानेवारीच्या शेवटी एक पत्रक काढलं. प्रत्येक विवाहित व्यक्तीने चौदा फेब्रुवारीपूर्वी आपल्या जोडीदारास एक भेट द्यावी. ती स्वतःच्या हातांनी बनवलेली असावी, पर्यावरणास बाधक नसावी, आणि तिचा कच्चा माल पूर्णपणे घरातल्या टाकाऊ वस्तूंमधून आलेला असावा. प्रेम असणं बंधनकारक नव्हतं. असल्यास तसं स्वयंघोषणापत्र जोडायचं होतं. निवडक जोडप्यांचा पांढुर्ण्याला जिल्हास्तरीय सत्कार होणार होता.

पत्रक वाचून रघुनाथरावांना स्फुरण चढलं. विज्ञानाचे मास्तर म्हणून तीस वर्षं त्यांनी पर्यावरणाचा धडा शिकवला होता, म्हणजे मुलांकडून मोठ्याने वाचून घेतला होता. बायकोला स्वतः काही बनवून देण्याचा आयुष्यातला हा पहिलाच प्रसंग असला, तरी सत्काराला कोणता कोट घालायचा हे त्यांनी त्याच दुपारी ठरवून टाकलं.

अडचण आली ती कच्च्या मालाची. घरात टाकाऊ असं काही सापडेना. त्यांच्या जुन्या पँटच्या पिशव्या झाल्या होत्या, फाटलेल्या पिशव्यांची फडकी, फडक्यांचं पायपुसणं. संत्र्यांच्या साली वाळून डब्यात गेल्या होत्या. दुधाच्या पिशव्यांत कढीपत्त्याची रोपं उभी होती. दोन दिवस रघुनाथरावांनी माळा, मोरी आणि पलंगाखालची जागा धुंडाळली आणि शेवटी ते वैतागले.

"अवं, या घरात काही फेकत काहून नाही तू?"

"फेकलं त परत कोण आणून देईल?" कलाबाई तांदूळ निवडत म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी कलाबाई भाचीच्या मुलाच्या बारशासाठी बोरगावला गेल्या आणि रघुनाथरावांचं नशीब उघडलं. लोखंडी पेटीच्या तळाशी, डांबराच्या गोळ्या घातलेली एक गोधडी निघाली. रंग उडालेला, काठ विरलेले. कलाबाईंची आई गेली त्या उन्हाळ्यात तिच्या दोन लुगड्यांची कलाबाईंनी ती शिवली होती, हे रघुनाथरावांना ठाऊक होतं. पण ठाऊक असणं आणि आठवणं यांत फरक आहे. त्यांनी कात्री घेतली.

चार दिवस त्यांनी मान वर केली नाही. सुई बोटात तीनदा घुसली. मोरीत भांड्यांचा ढीग लागला, कारण कलावंताने भांडी घासायची नसतात. शेवटी गोधडीतून एक हृदयाच्या आकाराची उशी जन्माला आली. एका बाजूने ती हृदय दिसत होती, दुसऱ्या बाजूने वांगं. उरलेल्या चिंध्या त्यांनी पोटात कोंबल्या, म्हणजे कचरा शून्य.

कलाबाई परतल्या. उशी हातात घेतली, काठ ओळखला, आणि खुर्चीवर बसल्या.

"हे मायच्या लुगड्याचं हाय," त्या म्हणाल्या.

"म्हणून त. यातच खरी भावना हाय ना."

कलाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. रघुनाथरावांचं मन भरून आलं. त्यांनी लगेच अर्ज काढला आणि 'भेट मिळाल्यावर जोडीदाराची प्रतिक्रिया' या रकान्यात लिहिलं: अश्रू.

दोन दिवसांनी समितीचे अध्यक्ष भगवंतराव आणि सचिव मृणाल पाहणीला आले. भगवंतराव तहसीलीतून निवृत्त झाले होते, पण तहसील त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती. त्यांनी उशी मोजली, वजन केलं, हुंगली आणि म्हणाले, "काम बढिया हाय मास्तर. फक्त टाकाऊपणाचा दाखला लागते. मूळ वस्तू टाकाऊ होती, असं मालकानं लिहून द्यायचं."

मृणालने कागद कलाबाईंपुढे ठेवला. कलाबाईंनी पेन घेतलं नाही.

"ते टाकाऊ नव्हतं," त्या म्हणाल्या.

भगवंतराव गंभीर झाले. "मग त पंचाईत हाय. टाकाऊ नव्हतं, म्हणजे चांगली वस्तू नष्ट केली. कलम चार. अर्ज बाद होऊन राहिला मास्तर."

रघुनाथरावांना आपला कोट डोळ्यांसमोर दिसला. "अवं, एक सही त हाय," ते बायकोला म्हणाले. "माह्यासाठी नाही, पर्यावरणासाठी कर."

कलाबाईंनी कागद परत मृणालकडे सरकवला. तेव्हा भगवंतरावांचा तीस वर्षांचा अनुभव कामी आला.

"वहिनी, मले एक सांगा. मागच्या बारा महिन्यांत ही गोधडी किती वेळा वापरली?"

"एकदाही नाही. जपून ठेवली होती."

"झालं मग. वापर नाही, म्हणजे टाकाऊ. मृणाल, लिहून घे. आता मालकाचं. घराची टॅक्स पावती कोणाच्या नावानं हाय?"

"माह्या," रघुनाथराव म्हणाले.

"मग घरातल्या वस्तूंचे मालक तुम्ही. करा सही."

रघुनाथरावांनी सही केली. कलाबाईंचीही सही लागत होती, पण ती लाभार्थी म्हणून, आणि ती नसली तरी चालत होतं.

पांढुर्ण्याचा सत्कार थाटात झाला. मंचावर रघुनाथराव कोटात, आत कलाबाईंनी विणलेलं स्वेटर. टाळ्या पडल्या. बक्षीस म्हणून चकचकीत प्लास्टिकच्या पिशवीत एक पॉलिस्टरचं ब्लँकेट मिळालं. उशी मात्र आदर्श नमुना म्हणून कायमस्वरूपी प्रदर्शनात ठेवण्यात येत असल्याचं माइकवरून जाहीर झालं.

खाली उतरताच कलाबाई मृणालजवळ गेल्या. "बाई, उशी नाही देत त नका देऊ. निदान आतल्या चिंध्या त द्या."

मृणाल वाईट मुलगी नव्हती. तिने नियम काढून पाहिला. "काकू, लाभार्थीनं भेट परत मागितली त काकांचा सत्कार रद्द होते."

कलाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. ते हार घालून फोटोसाठी उभे होते. त्या मागे सरल्या.

आता फक्त प्रपत्र ब राहिलं होतं. त्यात एकच प्रश्न: 'जोडीदाराने आपणांस आजवर स्वहस्ते बनवून दिलेल्या पर्यावरणस्नेही भेटींचा तपशील.' रघुनाथराव प्रामाणिक माणूस. मांडीवरच्या कापडी पिशवीवर कागद ठेवून, कलाबाईंनी डब्यात दिलेली तिळाची वडी चघळत, त्यांनी खूप विचार केला.

"तू मले काही बनवून देल्लं होतं काय वो कधी?" त्यांनी विचारलं.

"तुम्हाले आठवत असंल ते लिहा," कलाबाई म्हणाल्या.

त्यांनी लिहिलं: निरंक.

हे प्रपत्र इतकं नेटकं भरलेलं होतं, की समितीने त्याच्या प्रती काढून सगळीकडे वाटल्या. पुढच्या खेपेला जिल्ह्यातून चारशे बारा पुरुषांचे अर्ज आले. चारशे बाराही प्रपत्रांत एकच उत्तर होतं, आणि ते लिहायला कोणालाही वाटलेली प्रत पाहावी लागली नव्हती.

यंदाचे अर्ज निघाले आहेत. आपला अर्ज सोबत जोडला आहे. वाचकांच्या सोयीसाठी त्या रकान्यात 'निरंक' आधीच छापून ठेवलं आहे. आपण फक्त खाली सही करायची आहे.