गळू आणि घरचे सर्जन

पोस्टातल्या हेडक्लार्कनी रविवारी सकाळी एक साधासा निर्णय घेतला : लेकीच्या मांडीवरचं गळू आपणच फोडायचं. आयुष्यभर पाकिटं हाताळलेल्या माणसाला एक गळू फोडणं जड आहे होय? (पोस्टात पाकिटं फोडायची नसतात, हा मुद्दा बायकोने लगेच मांडला. पण बायकोचे मुद्दे त्यांच्याकडे नेहमीच प्रलंबित असत.)

"अहो, गळू दाबायचं नाही, टोचायचं नाही. कोमट फडक्याने शेकायचं. लाली पसरली किंवा ताप आला, तर दवाखाना."

"हे तुला कोणी सांगितलं?"

"डॉक्टरांनी."

"त्यांना काय, पदवी आहे म्हणून काहीही सांगतात!" असं म्हणत त्यांनी सुई गॅसवर धरली. सुईला काही झालं नाही. बोट मात्र भाजलं.

सात वर्षांच्या ठकीने सुई पाहिली आणि लंगडत, पण विक्रमी वेगाने बाथरूम गाठून आतून कडी घातली.

"ठके, दार उघड. बाबा नुसतं बघणार आहेत."

"सुईने बघतात?"

मग ते वरच्या झरोक्यातून वाटाघाटी करायला स्टुलावर चढले. स्टूल सरकलं. हेडक्लार्क फरशीवर बसले ते अशी किंकाळी फोडून, की वरच्या मजल्यावरचे लोक खाली धावत आले.

"फार लागलं का हो?" बायकोने विचारलं.

"छे! मुका मार," ते उभ्या उभ्याच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ठकीला ताप भरला, मांडीची लाली पसरली. रजा टाकून, लेकीला कडेवर घेऊन हेडक्लार्क बायकोसह मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडे धावले.

"घरात आणखी कोणाला गळू?" बाईंनी विचारलं.

"कोणाला नाही! शाळेतून आणलं असणार. हल्लीच्या शाळा..."

"तुम्ही बसा ना."

"नको, उभा बरा आहे."

"बाबा आठ दिवस बसतच नाहीत," ठकी म्हणाली. "जेवतातसुद्धा उभ्याने. आणि माझ्याच टॉवेलने अंग पुसतात."

बायकोने नवऱ्याकडे असं पाहिलं, की त्यापेक्षा ती सुई परवडली असती.

"टॉवेल वेगळे ठेवा, गरम पाण्यात धुवा, हात साबणाने," बाई म्हणाल्या. मग त्यांनी जागा बधिर करून ठकीचं गळू साफ केलं, औषध लिहिलं. पोरीने हूं की चूं केलं नाही.

"आता तुम्ही. मी खरं तर लहान मुलांनाच तपासते, पण तुम्ही चालाल."

पडद्याआडून आलेले आवाज ऐकून बाहेर थांबलेली दोन पोरं आयांचे हात सोडवून पळाली.

शेवटी बाईंनी ड्रॉवरमधून चमकीचा तारा काढून ठकीच्या फ्रॉकवर लावला. हेडक्लार्कनीही नकळत छाती पुढे केली.

"तुम्हाला नाही," बाई म्हणाल्या. "न रडणाऱ्यांनाच देते."