परशुराम घाड्यांनी घातलेलं गाऱ्हाणं

"माका बालवाडीत घालतंस?" परशुराम घाडींनी पेजेचं ताट इतक्या रागाने सरकवलं की लोणच्याची फोड सुनेच्या शाळेच्या वह्यांवर जाऊन पडली. "चवतीस वर्सां तालुक्याच्या कचेरीत काढलंय मी! माज्या सहीशिवाय कागद हलत नाय होतो. आणि आता माका सकाळी नेवन सोडतलंस नि सांजचा परत हाडतलंस?"

"बालवाडी न्हय ती, बाबानू," शुभदा फोड उचलत म्हणाली. "आनंदीबाईच्या पडवेर तुमच्याच वयाची मानसां दीसभर बसतली. ती नर्स होती, बीपी बघतली. पेज आसा, पत्ते आसत..."

"पत्ते! इज्जत काढलंस गो माजी!"

इज्जतीचा प्रश्न होताच, पण त्याहून मोठा प्रश्न शुभदेच्या नोकरीचा होता. नवरा मुंबईला. सासूबाई वारल्यापासून हा सत्त्याहत्तर वर्षांचा माणूस दुपारभर घरात एकटा. एकदा दूध उतू जाऊन स्टोव्ह भडकला. दोनदा दार सताड उघडं टाकून "कचेरीत जातंय" म्हणत ते एस.टी.त बसले आणि थेट लांबच्या तळेऱ्याला उतरले. दर वेळी शुभदेची एक रजा गेली. आता हेडमास्तरांनी स्पष्ट सांगितलं होतं, आणखी एक रजा आणि तुमच्या जागी दुसऱ्या बाई.

जामसंड्यातल्या शेजाऱ्यांना मात्र बोलायला विषय मिळाला. ज्यांनी जन्मात कुणाच्या म्हाताऱ्याला पाण्याचा पेला दिला नाही, तेच "काय ही सून!" म्हणून कपाळाला हात लावत होते. असल्या लोकांचा संताप येतो, पण त्यांना कोण विचारणार!

सोमवारी आनंदीबाईंच्या पडवीत सातजण जमले. तरुणपणी गलबतावर खलाशी असलेले गंगाराम होते, ऐकायला कमी येणाऱ्या काशीबाई होत्या. आनंदीबाईंनी पाटावर नारळ-विडा ठेवला आणि म्हणाल्या, "परशुरामभाऊ, सुरवातीचा गाऱ्हाणा तुमीच घालूक व्हया."

आमच्याकडे विहिरीपासून वरातीपर्यंत कुठलंही काम गाऱ्हाण्याशिवाय सुरू होत नाही. देवाला मोठ्याने सगळं सांगायचं आणि जमलेल्यांनी प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचं. गाऱ्हाणं घालायचा मान घाड्यांचा. मान असला की कुणी मागितलं तर नाही म्हणता येत नाही. परशुरामभाऊ फणफणत उभे राहिले.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"माज्या सुनेन माका पोरासारख्या हंय आणून सोडल्यान म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तिका चांगली बुद्दी दी, आणि ह्या दुकान लवकर बंद कर म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आनंदीबाईसुद्धा सवयीने बोलून गेल्या आणि मग त्यांनी जीभ चावली.

परशुरामभाऊंचं मन हलकं झालं. पण गंगारामांनी त्यांचा सदरा ओढला. "परशराम, माज्या सुनेचो पण न्याय कर. माजी इडी लपयता ती."

"माजी सून आमटीत नारळ घालना नाय!" काशीबाई ओरडल्या.

मान तो मान. गाऱ्हाणं नीट घालायचं तर तपशील हवा, म्हणून परशुरामभाऊ एकेकाला समोर बसवून कचेरीच्या शिस्तीत चौकशी करू लागले. दिवसाला दोन गाऱ्हाणी होऊ लागली. दुपारी दार उघडं टाकायला आता त्यांना सवड नव्हती. घरी मात्र ते रोज रात्री "कैदेत टाकलंस!" म्हणून शुभदेवर तडकत.

गडबड एवढीच झाली की पडवी बाजाराच्या रस्त्यावर होती आणि परशुरामभाऊंच्या आवाजाला कधी भोंगा लागला नव्हता. काशीबाईंच्या आमटीत नारळ नसतो हे मासळीवाल्यांना कळलं. गंगारामांच्या सुनेला तर रस्त्यात लोक विडीबद्दल विचारू लागले.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर शुभदा सासऱ्यांना न्यायला आली, तर पडवीत चार सुना पदर खोचून उभ्या.

"आमची अब्रू चव्हाट्यार मांडलास!" गंगारामांची सून कडाडली. "आमी ह्यांका दोन येळ गरम घालतोंव, ता खंय गेला? बंद करा ह्या!"

"उद्यापासून बंदच करतंय," आनंदीबाई वैतागून म्हणाल्या. "भल्याचो जमानोच नाय!"

म्हणजे शुभदेच्या नशिबी सोमवारी पुन्हा घर, स्टोव्ह, एस.टी. आणि दुसऱ्या बाई. मग तिचाही पारा चढला. ती तरातरा पाटापाशी गेली आणि नारळ सरळ केला.

"बाबानू, माजा गाऱ्हाणा घाला."

"कोणावर?"

"तुमच्यार!"

परशुरामभाऊ लालबुंद झाले. पण समोर नारळ होता आणि मागणारी उभी होती. "सांग," ते गुरगुरले. शुभदेने सांगितलं. त्यांनी हात जोडले.

"बा देवा म्हाराजा! ह्यो परशराम घाडी दूध उतू घालवता म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" म्हातारे गरजले. चारही सुनांचे आवाज त्यात आपोआप मिसळले.

"दार उघडा टाकून तळेऱ्याक जाता म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गंगारामांचा आवाज सगळ्यांत मोठा.

"हळू रे मेल्या!" परशुरामभाऊ मध्येच खेकसले. "आणि वर्गात उभ्या रवलेल्या ह्या सुनेचो जीव..." ते अडखळले. त्यांनी वळून बघितलं. "खराच गो?"

शुभदेने नुसती मान हलवली.

"...दीसभर घराकडे लागलेलो आसता म्हाराजा. म्हाताऱ्याक काय झाला तर, म्हणान तिका दुपारचो घास उतरना नाय." मला टाकून द्यायला हिने इथे आणलं, असंच ते आठवडाभर धरून बसले होते. "मागणा काय तुजा?"

"ही पडवी चालू रवांदे. आणि तुमी रोज हंय बसान सांजचे सुखरूप घराक येवा."

ते मागणं परशुरामभाऊंनी शब्दन् शब्द देवाला सांगितलं. गाऱ्हाणं घालणाऱ्याने स्वतः हुंकार द्यायचा नसतो, हे त्यांनीच दोन पिढ्यांना शिकवलेलं. तरी "व्हय म्हाराजा!" हा पहिला आवाज त्यांचाच आला. मागोमाग म्हातारे, आनंदीबाई आणि बंद करायला आलेल्या चारही सुना.

बोलून झाल्यावर सुनांनी एकमेकींकडे बघितलं. देवाला दिलेला शब्द फिरवणार कोण? गंगारामांची सून कोपऱ्यात तोंड फिरवून हसली.

पुढच्या बुधवारी शाळेला सुट्टी होती. शुभदा मायेने म्हणाली, "बाबानू, आज मी घराकच आसंय. तुमी ऱ्हवा, नाय गेलास तरी चालात."

"चालात?" परशुरामभाऊ छत्री आपटत ओरडले. "शिकलेली बायल तू! देवाक शबूद मी दिलंय, तुका सुट्टी म्हणान माका कशी सुट्टी? आणि नव वाजान गेले! चपला घाल आदी, माका उशीर करतंस!"