वेखंडाचं तेल आणि राहिलेला फेटा

कर्वेनगरच्या फ्लॅटमध्ये संपतरावांनी सकाळी बायकोला विचारलं, "बाई, तुम्ही कोणाकडं आलाय?" आणि मथुराबाईंची पोळी तव्यावरच करपली.

नशीब बघा कसं असतं. भाचीच्या लग्नात मथुराबाईंच्या भावाकडून संपतरावांना मानाचा फेटा बांधायचा राहिला, तेव्हापासून या गृहस्थानं बायकोशी अबोला धरलेला. काही हवं असलं की लेकीला सांगायचे, "निशा, त्यांना म्हणावं, चहा टाका." पुढं विसर पडायचा आजार जडला. त्यात फेटाही विसरला आणि म्हातारा बायकोशी गोड बोलू लागला. मथुराबाईंना वाटलं, देव पावला. आता त्याच विसरल्या गेल्या होत्या.

निशा कॉलेजात वेखंडाच्या तेलाचा मेंदूतल्या चेतापेशींवर काय परिणाम होतो ते तपासत होती. बशीत वाढवलेल्या उंदराच्या पेशींना त्या तेलानं नवे फाटे फुटले, असं ती जेवताना बोलून गेली. बशी आणि उंदीर आईनं ऐकलेच नाहीत.

निशा आंघोळीला गेली तशी मथुराबाईंनी तिच्या सॅकमधली बाटली काढली आणि तान्ह्या बाळाच्या टाळूवर घालतात तसं सगळं तेल नवऱ्याच्या टाळूवर ओतलं. थेंबथेंब वापरायचं जहाल तेल ते. टाळूची आग झाली, ओघळ डोळ्यांकडे निघाले, संपतराव घरभर बोंबलत फिरले. वास जिन्यानं खाली उतरला. तळमजल्यावरचे बद्रीनाथ दारात येऊन शांतपणे म्हणाले, "आज काय तळताय? माणूस?" मथुराबाईंनी घाईघाईनं पंचा ओला केला आणि ओघळ थांबावेत म्हणून नवऱ्याच्या डोक्याला घट्ट गुंडाळला.

निशा बाहेर आली आणि तिनं रिकामी बाटली उलटी करून बघितली. तिचा पुढचा सगळा प्रयोग बापाच्या टाळूत मुरला होता.

"आई, त्यानं आठवण परत येत नाही गं. कशानंच येत नाही अजून."

मथुराबाईंना रडू फुटलं.

संपतराव मात्र दोन्ही हातांनी डोक्यावरचा पंचा चाचपत होते. हळूहळू त्यांचं तोंड आंबट झालं. त्यांनी बायकोकडे नीट पाहिलं आणि मान फिरवली.

"निशा, त्यांना म्हणावं, ओल्या पंच्यावर भागायचं नाय. तुझ्या मामाचा फेटा अजून यायचा हाय."

मथुराबाईंनी पदरानं डोळे पुसले.

"ओळखलं गं मला," त्या लेकीला म्हणाल्या. "त्यांना म्हणावं, चहा टाकते."