चिखलाचे टायर

ऑर्व्हिल स्टेन्सेथने पिकअपला नवे टायर बसवले आणि ती थेट कॅफेसमोर आणून उभी केली. आत बसलेल्यांपैकी उठून बाहेर येण्याची तसदी एकट्या हार्लन क्विस्टने घेतली. हातातली कॉफी न सांडता त्याने पिकअपभोवती एक प्रदक्षिणा घातली, पुढच्या टायरला बुटाच्या टोकाने डिवचलं आणि म्हणाला, "ऑर्व्हिल, ज्या बिचाऱ्याच्या ट्रॅक्टरचे हे काढून आणलेस, तो आता पेरणी कशानं करणार?"

काचेला नाक लावून बघणारं अख्खं कॅफे खिदळलं. ऑर्व्हिलच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. राग यायचं कारण नुसतं ते वाक्य नव्हतं. हे टायर घ्यायची वेळ आणली होती कोणी? याच हार्लनने!

त्याआधीच्या वसंतातली गोष्ट. मॉन्टानाच्या त्या पट्ट्यातली काळी माती, जिला तिथे सगळे गम्बो म्हणतात, कोरडी असली की विटेसारखी टणक असते आणि दोन सरी पडल्या की साबणासारखी निसरडी. ऑर्व्हिलने सबंध नोकरीभर त्या मातीतून शेतावरच्या घरांना टपाल पोचवलं होतं. कधी रुतला नाही. आणि निवृत्त झाल्यावर पहिल्याच पावसात, स्वतःच्या फाटकाशी, स्वतःच्या टपालपेटीपासून दोन हातांवर त्याची पिकअप आसापर्यंत रुतली. हार्लनने ट्रॅक्टर आणून ती ओढून काढली. तिथे गप्प बसला असता तर तो हार्लन कसला! "जन्मभर दुसऱ्यांच्या पेट्या गाठल्या आणि स्वतःच्या पेटीपाशी येऊन बुडाला," हे त्याने सबंध हिवाळा जो भेटेल त्याला ऐकवलं. चर्चमध्ये तर पाद्रीबाईंनाही सोडलं नाही.

तेव्हाच ऑर्व्हिलने ठरवलं होतं की यापुढे हार्लनच्या ट्रॅक्टरचा दोर आपल्या गाडीला लागू द्यायचा नाही.

टायरच्या दुकानात जोलीनने त्याला रीतसर विचारलं होतं, "ऑर्व्हिलकाका, नेमकं जाता कुठंकुठं तुम्ही?"

"पोस्टात, चर्चला, कॅफेत."

"मग सगळा डांबरी रस्ताच की! साधे टायर घ्या. गाडी आवाज करणार नाही, पेट्रोलही कमी लागेल."

"घरापासून फाट्यापर्यंत काय डांबर तुझ्या बापानं घातलंय?"

जोलीनचा बाप रस्ते खात्यातच होता आणि त्याने ते खरोखरच घातलेलं नव्हतं, म्हणून ती बिचारी गप्प बसली. तिने खोल खाचांचे, दातेरी, कडेला बर्फाच्या डोंगराची खूण असलेले ऑल-टेरेन टायर काढून दाखवले. डांबर, खडी, चिखल, बर्फ, सगळ्यावर चालणारे. ऑर्व्हिलने खाचेत बोट घालून पाहिलं. बोट पेरापर्यंत आत गेलं. त्याचा चेहरा उजळला. "यापेक्षा एक साइज मोठा आहे का?"

"आहे. पण घासेल कदाचित."

"घासू दे," ऑर्व्हिल म्हणाला.

आणि ते घासले. स्टिअरिंग डावीकडे पूर्ण वळवलं की पुढचा टायर आतल्या प्लास्टिकला असा काही घासायचा, की रस्त्यावरची माणसं थांबून बघायची. मग ऑर्व्हिलने डावीकडे वळणंच सोडून दिलं. कॅफे चर्चच्या डाव्या हाताला, अगदी शंभर पावलांवर. पण तो उजवीकडे, उजवीकडे आणि पुन्हा उजवीकडे वळत धान्याच्या कोठारांना वळसा घालून कॅफेत पोचायचा. हार्लन खिडकीत बसून हात हलवायचा. "आला बघा, गावाची हद्द तपासून!"

घरी वेगळीच तऱ्हा. गाडीने वेग घेतला की टायर गुणगुणू लागायचे, एकसुरी, लांबलचक. त्याची बायको आर्डिस चर्चच्या गायनवृंदाची म्होरकी. ऑर्गन बिघडलेला, म्हणून सगळ्यांना पहिला सूर तीच द्यायची. नवे टायर बसल्यानंतरच्या रविवारी ती गाडीतून उतरली आणि तिने दिलेला सूर इतका खाली लागला, की पुरुषांचे आवाज तिसऱ्या ओळीला तळघरात पोचले आणि कडव्याच्या शेवटी बंदच पडले.

परतीच्या वाटेवर ती म्हणाली, "अर्धा तास तुझे टायर कानात घुमत होते, ऑर्व्हिल. मी तोच सूर दिला."

"टायरचा काय दोष? चिखलाचे टायर आहेत, ते गाण्याचे नाहीत!"

"चिखल कुठाय पण?"

हे मात्र त्याच्या वर्मी लागलं. कारण चिखल नव्हताच. टायर आले आणि पाऊस गेला. वसंत कोरडा गेला, उन्हाळ्यात गवत करपलं, शरदात विहिरी खाली गेल्या. शेतकरी आभाळाकडे बघत होते ते गव्हासाठी. ऑर्व्हिल बघत होता तो हार्लनसाठी. आणि हार्लन, ज्याचा स्वतःचा गहू वाळत होता, तोही म्हणायला चुकला नाही, "अरे, ते टायर काढ बाबा. ढग वरून बघतात आणि घाबरून कॅनडात जातात."

त्यात भर म्हणून आर्डिसच्या बहिणीच्या मुलाने, जो तिथल्या पोलिसांत डेप्युटी होता, ऑर्व्हिलला वेगमर्यादा मोडली म्हणून अडवलं.

"मी काटा बघूनच चालवतोय!" ऑर्व्हिल संतापून म्हणाला.

"काका, टायर मोठे घातले की काटा कमी दाखवतो. गाडी पळते जास्त."

"म्हणजे मी इतके महिने..."

"हो काका. इतके महिने. मावशीला नमस्कार सांगा."

जन्मभर सरकारी टपाल घेऊन मर्यादेत गाडी हाकलेल्या माणसाला हे सहन होण्यासारखं नव्हतं. संध्याकाळी पायरीवर बसून, स्क्रूड्रायव्हरने टायरच्या खाचांतले खडे उपसताना तो जोलीनवर, काट्यावर, भाच्यावर आणि आभाळावर आळीपाळीने चिडायचा. पण साधे टायर परत घालायचं नाव काढलं नाही. हार्लनला काय वाटेल? जिंकलो, असं वाटेल.

असा दुसरा वसंत आला. आणि एका संध्याकाळी, जेवण झाल्यावर, हार्लन क्विस्ट आपल्या खुर्चीत बसल्या बसल्या गेला.

बातमी ऐकून ऑर्व्हिलने दारात जाऊन आभाळाकडे पाहिलं. मग म्हणाला, "पण अजून पाऊस पडला नाही." आर्डिसने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

पाऊस पडला तो अंत्यविधीच्या आदल्या दिवशी. नुसता पडला नाही, वर्षभराची बाकी चुकवल्यासारखा कोसळला. सकाळी तो थांबला तेव्हा चर्चमागच्या टेकडीवरच्या दफनभूमीचा रस्ता काळा आणि चकचकीत झालेला होता.

शहरातून आलेली शववाहिका लांबलचक, काळी, पॉलिश केलेली. ती चढाला लागली, दहा हात गेली, मग अंगात आल्यासारखी डोलली आणि आडवी होऊन थांबली. काळ्या सुटातला तिचा चालक खाली उतरला आणि त्याचे बूट जागच्या जागी राहून तो मोज्यांवर पुढे गेला. हार्लनच्या पुतण्याने आपली पिकअप ओढायला पुढे घातली. ती सरळ कडेच्या चरात जाऊन टेकली. ट्रॅक्टर शेतावर, मैलोगणती लांब. पाद्रीबाई छत्री धरून वर बघत होत्या, जणू तिथूनच काही सूचना येईल.

मग एकेक मान ऑर्व्हिलकडे वळली.

हार्लनची बायको नोरीन चिखल तुडवत त्याच्याजवळ आली. "ऑर्व्हिल, तू ने त्याला वर."

"नोरीन, अगं, पिकअपमधून? हे काय शोभतं का?"

"त्यात ठेवलेलं तर शोभतंच," तिने आडव्या शववाहिकेकडे बोट दाखवलं. "ने."

सहा जणांनी शवपेटी उचलून पिकअपच्या मागे ठेवली, गवताच्या गठ्ठ्यांना लावतात तसे पट्टे आवळले. ऑर्व्हिलने गाडी सगळ्यात हलक्या गियरला टाकली. टायरच्या खाचांनी माती धरली, फेकली, पुन्हा धरली. गाडी चढू लागली. हळूहळू, पण न घसरता. मागून सगळे चर्चवाले चरातल्या गवताचा आधार घेत येत होते. अर्ध्या वाटेवर डावीकडचं वळण आलं. ऑर्व्हिलने दात ओठांवर रोवले आणि स्टिअरिंग वळवलं. टायर असा कर्कश घासला, की पाद्रीबाईंनी प्रार्थना मधेच थांबवली. एरवी या आवाजावर हार्लनने काय म्हटलं असतं, ते प्रत्येकाला ऐकू आलं आणि दोघातिघांनी मान खाली घालून हसू आवरलं.

माथ्यावर पोचल्यावर ऑर्व्हिलने इंजिन बंद केलं. मागच्या खिडकीतून पेटीकडे बघत तो हळूच म्हणाला, "बघितलंस?"

इतक्या महिन्यांनी चिखल मिळाला, टायरांनी शब्द राखला, सगळ्या गावाने पाहिलं. आणि ज्याने बघायला हवं होतं तो मागे पट्ट्यांत आवळलेला. ऑर्व्हिलला भयंकर राग आला.

आठवड्याभराने नोरीनचा फोन आला. "कोठारात जरा ये. एक वस्तू आहे. मला हलवत नाही आणि दुसऱ्या कुणाला दाखवायचीही नाही."

कोठाराच्या कोपऱ्यात, जुन्या ताडपत्रीखाली, चार टायर एकावर एक रचलेले होते. दातेरी. खोल खाचांचे. कडेला बर्फाच्या डोंगराची खूण.

ऑर्व्हिलने ताडपत्री पूर्ण बाजूला सारली. "हे कधी आणले?"

"तुझ्या आधी," नोरीन म्हणाली. "तुला चिखलातून ओढलं ना, त्या दिवशी ट्रॅक्टर परत आणून लावल्यावर त्याची पिकअपही रुतली होती, इथंच, अंगणात. वर्षभर कुणाला बोलला नाही. जोलीनकडून घेतले असते तर गावभर झालं असतं, म्हणून लांब बिलिंग्ज शहरातून आणले. शनिवारी बसवणार होता. शुक्रवारी तू तुझे घेऊन कॅफेसमोर उभा राहिलास."

"मग?"

"मग काय! घरी आला तो जेवलाच नाही. म्हणाला, 'आता मी लावले तर लेकाचा मरेपर्यंत म्हणेल, माझं बघून लावले.' तेव्हापासून हे इथं. मी माझ्या बहिणीकडे गेले होते, तेव्हा एकदा घालून पाहिले म्हणे. दोन्ही बाजूंना घासले."

ऑर्व्हिल गुडघ्यावर बसला. टायरच्या कडेवरचे आकडे त्याने बोटाने पुसले, वाचले, चष्मा काढून पुन्हा वाचले. त्याच्या टायरपेक्षा एक साइज मोठे होते.

"तुला उपयोग असेल तर घेऊन जा," नोरीन म्हणाली.

ऑर्व्हिलने ताडपत्री पुन्हा नीट ओढली, चारही कोपरे खाली खोचले आणि तो बाहेर पडला.

तो घरी आला तेव्हा आर्डिसने वाढलेलं केव्हाच गार झालं होतं. त्याची पँट गुडघ्यापर्यंत चिखलाने काळी, आवाज बसलेला.

"कुठं होतास इतका वेळ?"

"टेकडीवर. हार्लनकडे. जरा भांडायचं राहिलं होतं."

आर्डिसने ताट पुन्हा गरम करायला ठेवलं. थोड्या वेळाने तिने विचारलं, "मग? काय म्हणाला?"

"काय म्हणणार! चुकलं की गप्प बसतो, हे आजच कळलं मला," ऑर्व्हिल म्हणाला आणि खिशात रुमाल शोधू लागला.