पेणहून आणलेला मेंटॉर

"मेंटॉर आणायचा म्हणजे काय वाघ आणायचाय?" असं नूतन रविवारी पहाटे निडी गावातल्या घरात सगळ्यांदेखत म्हणाली, तेव्हा तिचा आवाज खणखणीत होता. झोपेत मात्र ती गेले चार दिवस 'सॉरी सर, सॉरी सर' करत होती.

धाटावच्या ज्या केमिकल कंपनीत ती लॅबमध्ये ट्रेनी होती, तिथं नवा नियम निघाला होता. कायम व्हायचं असेल तर प्रत्येक ट्रेनीने एक अनुभवी माणूस मेंटॉर म्हणून गाठायचा, त्याला तीनदा भेटायचं, चार गोष्टी शिकायच्या आणि महिनाअखेरीला फॉर्मवर त्याची सही आणायची. सही नाही तर नोकरीही नाही. बाकीच्या पोरांनी कंपनीतले मऊ मऊ साहेब पहिल्याच दिवशी पळवले. नूतनच्या वाट्याला उरले पेणचे माधवराव गुप्ते, लॅबचे निवृत्त प्रमुख. निवृत्तीला चार वर्षं झाली तरी लॅबमध्ये त्यांचं नाव कोणी मोठ्याने घेत नसे. एका केमिस्टाने तर त्यांच्या नुसत्या 'हूं'वर राजीनामा लिहून दिला होता म्हणे!

"घाबरतेस कशाला गो?" तिची आई मालू म्हणाली. "मानूसच हाय ना तो?"

मालूने त्यांना पाहिलेलं नव्हतं, म्हणून ती असं बोलू शकली.

नूतन त्याच सकाळच्या गाडीने पेणला उतरली. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, हातात जाड वही. नमस्कारापासून निरोपापर्यंतचं भाषण तिने गाडीत घोकलं होतं. दार उघडलं आणि समोर साक्षात माधवराव! भाषणातला मेंटॉर गेला, फॉर्म गेला, उरलं ते ती एका दमात बोलून मोकळी झाली, "सर, मी कंपनीतून आले. तुमच्या छत्तीस वर्षांच्या नोकरीबद्दल विचारायचंय. सगळं लिहून घ्यायचंय."

माधवरावांचा चेहरा पांढराफटक पडला. नूतनला वाटलं, साहेब भडकले.

"आपल्याला माझं नाव कोणी सांगितलं?" त्यांनी विचारलं.

आपल्याला! ज्या माणसाने जनरल मॅनेजरलाही धड अहो-जाहो केलं नाही, तो ट्रेनीला 'आपण' म्हणतोय म्हटल्यावर तिची उरलीसुरली हिंमतही गेली. "सगळेच सांगतात, सर," ती म्हणाली, आणि ते खरंही होतं.

माधवराव भिंतीचा आधार घेत आत गेले. आत त्यांची नि आनंदीबाईंची, म्हणजे त्यांच्या पत्नीची, बराच वेळ कुजबुज चालली. मग बाहेर येऊन त्यांनी एक लाकडी पेटी तिच्या हातात ठेवली. पेटीत जुना थर्मामीटर होता. आज एवढंच, असं म्हणून त्यांनी दार लावून घेतलं.

नूतन भारावून गेली. पहिल्याच भेटीत गुरूने स्वतःची वस्तू द्यावी! पेटीच्या तळाला लाल रंगात नंबर घातलेला होता. घरातल्या वस्तूंनाही नंबर घालणारा शिस्तीचा माणूस, असं तिला कौतुक वाटलं. गाडीतच तिने वहीत धडा पहिला लिहिला : आधी तापमान बघावं, मग तोंड उघडावं.

दुसऱ्या रविवारी तिला भिंतीवरचं घड्याळ मिळालं आणि काचेची दोन मोठी चंचुपात्रं. त्यातल्या एकातलं दूध आनंदीबाईंनी तिच्यासमोरच घाईघाईने पातेल्यात ओतलं. "हळूहळू सगळं देतो," माधवराव घाम पुसत म्हणाले, "फक्त गडबड करू नका." घड्याळाचा धडा सोपा होता. चंचुपात्रांपुढे तिने 'विचार चालू आहे' असं लिहिलं.

मालूने घड्याळाला हळदकुंकू वाहिलं, पण थोड्या वेळाने तिनेच करंडा मिटून ठेवला. म्हणाली, "गो, जायची वेळ आली का मानूस असा हातातलं वाटतो. गुणाजीकाका नाय का? आधी छत्री दिली, मग सायकल दिली, आणि म्हयन्यात गेला."

नूतनची पाचावर धारण बसली. सरांचा पांढरा चेहरा, तो घाम, भिंतीचा आधार! तिला फार वाईट वाटलं. आणि त्या वाईट वाटण्याच्या पाठोपाठ, सही अजून व्हायचीय, हाही विचार आला. त्याची तिला मनापासून लाज वाटली, पण तो काही गेला नाही. त्या आठवड्यात तिने लॅबमध्ये तीन नळ्या फोडल्या.

तिसऱ्या रविवारी ती पहिल्या गाडीने पेणला धावली. गल्लीत वळते तो काय, माधवरावांच्या दारात टेम्पो आणि आजूबाजूला माणसं! आटोपलं, असं म्हणून तिने हंबरडा फोडायला तोंड उघडलं. पण टेम्पोत दोन निळे ड्रम, तीन स्टुलं आणि एक लोखंडी कपाट होतं, आनंदीबाई पापड वाळवायचा स्टीलचा ट्रे वर चढवत होत्या, आणि माधवराव पायरीवर डोकं धरून बसले होते. जिवंत!

"सर, आधी सही करा!" ती रडतच ओरडली आणि फॉर्म त्यांच्यापुढे धरला.

जन्मभर ज्यांनी लोकांना कागद तीनतीनदा वाचायला लावला, त्या माधवरावांनी एक अक्षरही न वाचता सही ठोकली. मग क्षीण आवाजात विचारलं, "पोलीस कधी येणार?"

"पोलीस कशाला, सर?"

"कबुलीजबाब लिहून घेतलात ना?"

"हा मेंटॉरचा फॉर्म आहे, सर. मला कायम व्हायचंय."

मग सगळा उलगडा आनंदीबाईंनीच केला. कंपनीत स्टोअरची तपासणी चालू आहे आणि घरोघर माणूस येणार आहे, असा निरोप महिन्यापूर्वी निवृत्तांच्या ग्रुपवर फिरला होता. छत्तीस वर्षांत एकेक वस्तू घरी आली होती. ती आणताना कुणालाच काही वाटलं नव्हतं, तसं धाटावला कुणालाच वाटत नाही. ते लाल नंबर कंपनीच्या स्टोअरचे होते. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

आता टेम्पो भरलेला होता आणि अर्धी गल्ली बघत होती, त्यामुळे सामान परत आत नेण्याची सोय नव्हती. "नेऊन द्यायलाच हवं," माधवराव म्हणाले. "पण गेटवर काय सांगू? जन्मभर प्रश्न मी विचारले. मला भीती वाटते गं."

एवढा मोठा माणूस असं बोलला म्हणून नूतनला भरून आलं. मी येते सोबत, असं ती बोलून बसली. माधवरावांनी मान डोलावली, सही केलेल्या फॉर्मची घडी घातली आणि ती स्वतःच्या खिशात ठेवली. म्हणाले, गेटवरून परतताना देतो.

वाटेत निडीहून थर्मामीटर, चंचुपात्रं आणि कुंकू लावलेलं घड्याळ उचलून टेम्पो धाटावला पोचला. गेटवर पोपट नावाचा वॉचमन होता. त्याने सामान मोजलं, नंबर बघितले, रजिस्टर उघडलं आणि हे कोणाकडे होतं म्हणून विचारलं. माधवराव शेजारच्या कंपनीची चिमणी निरखत होते. पोपटने परत विचारलं. चिमणी अजून बघून व्हायची होती.

शेवटी पोपटने रजिस्टर नूतनपुढे सरकवलं. "मॅडम, कदीपासून होतं हे तुमच्याकडं?"

नूतनने मेंटॉरकडे बघितलं. मग मेंटॉरच्या खिशाकडे बघितलं. फॉर्मचं टोक बाहेर डोकावत होतं.

"छत्तीस वर्षं," तेवीस वर्षांची नूतन म्हणाली.

पोपटने तिला एकदा खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि तसंच लिहून घेतलं. तिने खाली सही केली. शाई वाळायच्या आत माधवरावांचा कणा ताठ झाला, चार वर्षांपूर्वीचा तो आवाज परत आला आणि त्या आवाजात त्यांनी पोपटला टोपी नीट घालायला सांगितलं. पोपट उडालाच!

परतताना कबूल केल्याप्रमाणे त्यांनी फॉर्म तिच्या हातात ठेवला, पाठीवर थाप मारली आणि तीन भेटींत पहिल्यांदाच काहीतरी शिकवलं.

"एक लक्षात ठेव, मुली," ते म्हणाले. "कोणाला घाबरायचं नाही."