टेंबे सरांकडे माफी नाही

आमच्या इमारतीत कोणी दुसऱ्याच्या पार्किंगमध्ये गाडी लावली, तर बाकीचे लोक वॉचमनला सांगतात. टेंबे सर त्याच्यावर पोवाडा रचतात. तिसऱ्या कडव्यात जमीन दुभंगते आणि मालक गाडीसकट आत जातो.

सर सांगलीला इंग्रजीचे प्राध्यापक होते. काकू गेल्यावर निनादने, त्यांच्या मुलाने, त्यांना इकडे आखातात, डिस्कव्हरी गार्डन्सला आणलं, आमच्या समोरच्याच फ्लॅटमध्ये. इतरांचे आईवडील इथे आले की मॉल बघतात. सरांचा जीव अडकलाय चारशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडात. तिथे म्हणे रस्त्यावर एका पानावर छापलेली गाणी विकायचे, बॅलड्स. कोणी खून केला, कोणी खोटी शपथ घेतली, आणि देवाकडून त्याला काय शिक्षा झाली, सगळं यमकात. चाल मात्र लोकांच्या ओळखीची. म्हणून सरही तिकडचे खून आपल्या भोंडल्याच्या चालीवर गातात. माझी मुलगी रिया मराठी बोलायला सांगितलं की तोंड फिरवते, पण नवऱ्याला विष घालणाऱ्या बाईचं गाणं तिला अख्खं पाठ आहे.

"बॅलडमध्ये माफी नाही!" हे सरांचं पालुपद.

मी इंजिनिअर माणूस. असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. एकदा सकाळी जिन्यात बूट घालता घालता मी बॉसला फोनवर म्हणालो, "ट्रॅफिकमध्ये अडकलोय हबीबी, पाच मिनिटं!" मागे सर उभे.

"ट्रॅफिक? जिन्यात?" सरांनी चष्मा वर केला. "खोटं बोलणाऱ्याची जीभ काळी पडते. बॅलडमध्ये माफी नाही!"

मी हसलो. सिलिकॉन ओएसिसला ऑफिसात पोचल्यावर आपलं सहज म्हणून वॉशरूमच्या आरशात जीभ काढून बघितली. काळीनिळी! तिथूनच घरी फोन लावला तर बायको म्हणाली, "अरे, सकाळी जांभळाचा ज्यूस कोणी ढोसला?" तरी त्या आठवड्यात मी बॉसशी एकदाही खोटं बोललो नाही. त्याला माझी काळजी वाटायला लागली.

आमच्या इथल्या मराठी मंडळाचा सांस्कृतिक सचिव मीच, कारण निवड झाली त्या मीटिंगला मी गैरहजर होतो. रविवारच्या कार्यक्रमात मी सरांना गायला सांगितलं. त्यांनी हुकमी बॅलड काढलं. श्रीमंत मुलाच्या दारात म्हातारा बाप ऐन जेवणाच्या वेळी येतो. मुलगा ताटावर झाकण घालतो आणि म्हणतो, जेवण संपलं. बाप उपाशी परत जातो. मुलगा झाकण उघडतो, तर ताटात साप!

आठवडाभर आमच्या हॉलमध्ये तालीम चालली. निनादने ऑफिसच्या धबडग्यात वडिलांचं एकही गाणं ऐकलं नव्हतं, आणि सरांना त्यालाच ऐकवायचं होतं. रोज आठवण करून दिली की तो म्हणायचा, "इन्शाल्ला, बाबा." इथे चार वर्षं काढलेल्याला कळतं, त्याचा अर्थ बहुधा 'नाही'. सर नवे होते.

रविवारी सरांनी पहिल्या रांगेतली एक खुर्ची शाल ठेवून अडवली. निनाद येईपर्यंत मी माइकवर विनोद सांगत राहिलो. बायकोसुद्धा हसेना. शेवटी सरांचा फोन वाजला. "बरं. नाही, नाही. काम आधी," म्हणाले आणि गायला उठले.

गायले मात्र झकास. बाप दारातून उपाशी परत फिरला. मुलाचा हात झाकणावर गेला आणि रिया खुर्चीवर उभीच राहिली. "नाऊ! स्नेक्स!"

सर थांबले. त्यांनी त्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं. मग हळूच गायले, झाकण उघडलं, आत गरम गरम आमटीभात, आणि मुलगा बापाला हाका मारत रस्त्यावर धावला.

"बट सर, व्हेअर आर द स्नेक्स?"

"यायचे होते गं," सर म्हणाले. "ट्रॅफिकमध्ये अडकले."

लोक हसून हसून लोळले. सगळ्यांत मोठ्याने मी. मग सर खुर्चीवरच्या शालीची घडी घालताना दिसले आणि मी गाडीची किल्ली शोधायला लागलो. फार वाईट वाटलं मला.

त्यांना मीच गाडीतून घरी आणलं. वाटेत म्हणाले, "निनादला सापांचं सांगू नका हं."

लिफ्टपाशी निनाद भेटला, घामाघूम, खांद्यावर लॅपटॉपची बॅग. "सॉरी, बाबा! कुठलं गायलात?"

"ते रे, जेवणाचं," सर म्हणाले. "तू जेवलास का?"