नावापुढचं हयात

गावात माझ्यासारखा सावध माणूस दुसरा नाही! पन्नाशीला प्रौढांच्या वर्गात बसून बाराखडी शिकलो, ती कोणी मला फसवू नये एवढ्यासाठीच. आता कागदच काय, भिंतसुद्धा मला फसवू शकत नव्हती.

भिंतीचंच सांगतो. बहात्तरच्या दुष्काळात मुरुम गावाजवळच्या आमच्या खेड्यात सोसायटीने चारा डेपो उघडला. ज्याच्या दारी जनावर, त्याने डेपोच्या भिंतीवर गेरूने आपलं नाव आपल्या हाताने लिहायचं आणि दर बाजाराला कडबा न्यायचा. माझी एकुलती म्हैस त्या कडब्यावरच तगून होती. तो बुडाला की म्हैस कसायाच्या दारात!

पण कोणी मेलं, कोणी गाव सोडून गेलं, नावं तशीच. मेलेल्यांचा कडबा खातं कोण? मला सेक्रेटरी शांतलिंगचा संशय होता. दुष्काळातही त्याचे बैल नवरदेवासारखे तुकतुकीत!

एक दिवस तोच मला म्हणाला, "तात्या, म्या घरोघर फिरून नावांपुढं खडूनं लिवलंय. तुमी तेवढी मेलेल्यांची नावं पुसा. उद्या तालुक्याचे साहेब येणार."

ओलं पोतं घेऊन गेलो. बऱ्याच नावांपुढे लिहिलं होतं, 'हयात'. हा शब्द मी जन्मभर ऐकला, पण कोणी गेल्यावरच. "आबा हयात न्हाईत." "मामी हयात न्हाईत." म्हणजे मढ्याचाच शब्द! हयात दिसलं की पूस. वाड्यावस्त्यांवरची अनोळखी नावं, मला काय कळणार!

भिंत संपत आली, तेव्हा आमच्या शेजारच्या सरुबाईचं नाव आलं. पुढे हयात!

तेही पुसलं आणि माझे डोळेच भरले. तसाच तिच्या दारात जाऊन गळा काढला, "सरुबाई, अशी कशी गेलीस गं!"

पिठाच्या हातांनी सरुबाई बाहेर आली. "कुठं गेली म्या? तात्या, सकाळपारीच घेतली का काय?"

आत्ता डाव कळला! जित्या माणसांना मारून शांतलिंग त्यांचा कडबा घशात घालणार! धावत डेपोवर आलो, तर पुसायच्या राहिलेल्या दोन नावांत एक माझंच, पुढे हयात! नाव राखलं, हयात घासघासून काढलं. शांतलिंगच्या नावापुढेही हयात होतं. संशय येऊ नये म्हणून पठ्ठ्याने स्वतःलाही मारलं होतं! त्यालाही पुसला.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. भिंतीवर फक्त मेलेले, गाव सोडलेले आणि मी. बाहेर जिवंत गाव बोंबलत होतं.

शांतलिंगने कपाळ बडवून घेतलं. "तात्या! हयात म्हंजी जित्ता!"

लोकांनी पुन्हा गेरू घेतला, नावं लिहिली. शांतलिंगने त्या नव्या नावांपुढे हयात लिहिलं; माझं जुनंच नाव हयातशिवाय मेलेल्यांत राहिलं. साहेब म्हणाले, "ज्याच्यापुढं हयात नाही, तो मयत. त्याचा कडबा बंद."

"साहेब, ह्यातला एक मी आहे!"

साहेबांनी मला वरून खाली न्याहाळलं. "कडब्यासाठी उठून बसणारे खूप पाहिले. कोण ओळखतं ह्यांना?"

मी आशेने सरुबाईकडे पाहिलं. ती म्हणाली, "काल माझ्याच दारात मला रडून गेलेत. ह्यांचं काय खरं धरू नगा."

शेवटी माझी बायको जाईबाई पुढे झाली.

"हयात हाईत, साहेब," ती म्हणाली. "शुद्धीवर न्हाईत."

कडबा मिळाला. घरी आणून म्हशीपुढे टाकला. तिने तो दोनदा हुंगला, माझ्याकडे पाहिलं, आणि मगच तोंड लावलं.